हाताने केलेलं कार्ड : मदतीचा हात कुठे थांबवायचा?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. गेले काही महिने दर शनिवारी आम्ही काही जण एकत्र जमून शुभेच्छापत्रं बनवतो. येणारे आठ-दहा जण. बहुतेक सत्तरीच्या पुढचे, दोघं पक्षाघातातून सावरलेले, एका आजोबांना कंपवात, एका मुलीला जन्मतः दिसत नाही आणि एक तरुण बौद्धिक अक्षमता असलेला. मदतीला आम्ही तिघी.

मागच्या शनिवारी जे झालं ते मनातून जात नाही. कंपवात असलेल्या आजोबांनी जवळजवळ पाऊण तास खपून एक फूल चिकटवलं. ते कार्डाच्या खालच्या कडेवर, अर्धं बाहेर लोंबणारं असं बसलं. आमच्यातल्या एकीने अगदी प्रेमाने, ओला गोंद होता तोवर, ते अलगद सरकवून मधोमध आणलं. आजोबा काही बोलले नाहीत. सही करायला पेन पुढे केलं तेव्हा कार्ड तिच्याकडे सरकवून म्हणाले, "आता हे तुझं झालं. तूच पाठव."

तर दोन प्रश्न आहेत. एक, मदत कुठवर करायची आणि कुठे हात मागे घ्यायचा? दुसरा, अशी साधनं किंवा युक्त्या सांगा की मुळात आमच्या मदतीची गरजच कमी पडेल.

चकोर
आजोबांना माझा नमस्कार सांगा. वाचतोय.

घडीमोड
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण निम्मी मदत चुकीच्या कागदामुळे करावी लागते.

नेहमीचा छपाईचा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) असतो. गोंद लागला की तो सुरकुततो, थरथरत्या हातात चुरगळतो. कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमची कार्डशीट घ्या. ए४ अर्धी कापून दुमडली की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. पण ज्यांच्या हातांना अडचण आहे त्यांना मी हे माप देणार नाही. अख्खी ए४ एकदा दुमडा आणि १४८ × २१० चं मोठं कार्ड द्या. हाताला फिरायला जागा मिळते.

घडीबद्दल. जाड कागदाला धाग्याची, म्हणजे आतल्या तंतूंची, दिशा असते. शीट हलकेच एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत वाकवून बघा. जिकडे सहज वाकेल त्या दिशेची घडी सरळ पडते, आडवी घातली तर कड फुटते. आणि घडीची रेघ आधीच पाडून ठेवा. शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून एकदा दाबून ओढलं की झालं. मग एका हाताच्या माणसालाही घडी घालता येते.

निळीशाई
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते. घडीमोड यांच्या मोठ्या कार्डाला अनुमोदन.

सांजवेळ, सगळ्यांना एकच युक्ती चालणार नाही, कारण 'हात चालत नाही' याचे अर्थ वेगवेगळे असतात. कंपवातात हात नुसता ठेवलेला असताना जास्त थरथरतो आणि कामाला लागला की बऱ्याच जणांचा कंप कमी होतो. दुसऱ्या एका प्रकारच्या कंपात नेमकं उलटं, हात काही करायला गेला की थरथर वाढते. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवून काम करायला दिलं तर दोघांनाही सोपं जातं. कंपवाताच्या गोळीचा असर कधी चांगला असतो ते घरच्यांना विचारा आणि शक्य असेल तर वेळ तशी ठेवा. अक्षर लहान लहान होत जाणं हाही त्या आजाराचाच भाग. ठळक, दूर-दूर रेघा आखून दिल्या तर अक्षर मोठं राहायला मदत होते.

आमवात असेल तर सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा सकाळची वेळ नको. चिमटीत धरायच्या वस्तू अंगठ्याच्या मुळाशी जोर देतात. पेन, ब्रश, स्पंज सगळ्याला फोमची नळी चढवून जाड करा. पंच अंगठ्याने दाबायचा नाही, टेबलावर ठेवून तळहाताने दाबायचा. स्प्रिंगची, आपोआप उघडणारी कात्री मिळते. ती फक्त दाबावी लागते, उघडावी लागत नाही.

हॉट ग्लू गन मात्र लांब ठेवा. पक्षाघाताने किंवा मधुमेहाने ज्यांच्या हाताची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका बसलेला कळत नाही.

मुक्काम
थोडा वेगळा सूर लावतो. ज्या ताईंनी फूल सरकवलं त्यांची बाजूही समजून घ्या. कार्ड हे दुसऱ्याला पाठवायचं असतं. घेणाऱ्याला ते बघून बरं वाटलं पाहिजे. वाकडंतिकडं काहीही पाठवलं आणि समोरच्याने "किती छान!" म्हटलं, तर ते कौतुक कार्डाचं नसतं, दयेचं असतं. मला माझ्या आईच्या हातून असं काही कोणाकडे गेलेलं आवडणार नाही. थोडी मदत करून नीटनेटकं झालं तर त्यात अपमान कसला?

एकहाती
मुक्काम, आपल्या आईला काय आवडेल ते तिला विचारलंत का? राग मानू नका, मनापासून विचारतोय.

मला सहा वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात गेला. मी उजवाच होतो. हा प्रतिसादही डाव्या हाताच्या एका बोटाने लिहितोय, म्हणून वेळ लागला. इस्पितळातून घरी आल्यावर सगळे मला इतकं सांभाळत होते की दिवसभरात माझ्या मर्जीने एकही गोष्ट होत नव्हती. शर्ट कोणता, खुर्ची कुठे, दिवा कधी मालवायचा, सगळं ठरलेलं. अशा वेळी मुलीने रंगीत कागदांचा गठ्ठा पुढ्यात ठेवून विचारलं, "यातला कुठला?" मी पिवळा उचलला. नंतर दहा मिनिटं तो कुठे लावायचा याचा विचार करत बसलो. त्या दहा मिनिटांत मी आजारी नव्हतो.

आता काम कसं करतो ते सांगतो, कोणाला उपयोग होईल. टेबलावर लाकडाच्या दोन पट्ट्या काटकोनात ठोकून घेतल्यात. कार्ड त्या कोपऱ्यात सरकवलं की दोन बाजूंनी अडतं, मग ते धरायला दुसरा हात लागत नाही. खाली रबराची न घसरणारी जाळी. पट्टीवर जड वजन. गोंदाची कांडी फिरवताना कागद तिच्यासोबत ओढला जातो, म्हणून मी कागदाला नाही, कार्डाला गोंद लावतो आणि वरून तुकडा ठेवतो. टोपण काढण्यासाठी बाटली मांडीत धरायचो, आता टेबलाला एक गोल खाच केली आहे. एवढं केल्यावर मला मदत कशात लागते? फक्त पाकिटाच्या जिभेला चिकटपट्टी लावताना.

ओंजळ
एकहाती, "त्या दहा मिनिटांत मी आजारी नव्हतो" हे वाक्य आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

माझ्या आईला डिमेन्शिया आहे. तिच्यासोबत कार्ड करायला लागले तेव्हा मी सगळं सामान टेबलावर मांडायचे आणि ती गोंधळून उठून जायची. आता तिच्यापुढच्या ताटलीत एका वेळी दोनच वस्तू असतात. सूचनाही एकच. "हे इथे लाव" झालं की पुढची. "आठवतं का, मागच्या वेळी कसं केलं होतं?" हा प्रश्न मी कायमचा सोडला. तो प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि त्यात ती दर वेळी नापास होते.

तिने आयुष्यभर शिवणकाम केलं. म्हणून मी कार्डावर दाभणाने आधी भोकं पाडते, बोथट सुईत जाड दोरा ओवून देते आणि ती धावदोरा घालते. मागच्या आठवड्यात शेवटच्या भोकापाशी आल्यावर तिने कार्ड उलटं केलं, सुईभोवती दोऱ्याचे दोन वेढे घेतले, अंगठ्याने दाबून धरले आणि गाठ मारून दोरा दाताने तोडला. मी असं काही सांगितलं नव्हतं. माझं नाव तिला त्या दिवशी आठवत नव्हतं, पण गाठ बिनचूक होती.

मणी, टिकल्या, बटणं मात्र आम्ही बंद केली. ती तोंडात घालते.

पाऊलखूण
ओंजळ, डोळे भरून आले. तुमच्या आईंना नमस्कार.

माझी मुलगी एकवीस वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हात स्वतःच्या ताब्यात नाहीत, बोलणं नाही, पण डोळ्यांनी 'हो' आणि 'नाही' अगदी स्पष्ट सांगते. वर म्हणाली तर हो, खाली तर नाही. (नजर वर, नजर खाली.) तिच्या बाबतीत "हात कुठे थांबवायचा" या प्रश्नाला अर्थच नाही, कारण सगळं हाताचं काम मीच करते. मग ते कार्ड कोणाचं? तिचं की माझं? हा प्रश्न मला खरंच छळतो. जाणकारांनी सांगावं.

घडीमोड
पाऊलखूण, तुमच्या प्रश्नावर फ्रेंच चित्रकार मातिसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४१ मध्ये त्याच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर उभं राहून रंगवणं कठीण झालं, बराचसा काळ अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत. तेव्हा त्याने कात्री हातात घेतली. कागदाला रंग लावायचे मदतनीस. आकार कापायचा तो. ते आकार भिंतीवर टाचण्यांनी लावायचे पुन्हा मदतनीस, आणि तो बसल्या जागेवरून सांगायचा, अजून वर, थोडं डावीकडे, काढा ते. १९४७ चं त्याचं 'जाझ' हे पुस्तक याच कागदकापातून आलं. ती चित्रं मदतनीसांची आहेत असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

तुमच्या मुलीसाठी एक सुचवतो. मोठ्या कागदावर रंग हवे तसे फिरू द्या. तिच्या चाकाच्या खुर्चीच्या चाकांखालून गेले तरी चालतील. वाळल्यावर पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे एकमेकांवर ठेवून एक खिडकी करा आणि ती खिडकी रंगवलेल्या कागदावर हळूहळू सरकवा. तिची नजर वर गेली की थांबा. तेवढाच तुकडा कापून कार्डावर लावा. कुठला भाग घ्यायचा हे तिने ठरवलं, म्हणजे चित्र तिचं.

मुक्काम यांच्या मुद्द्यालाही यात उत्तर आहे. नीटनेटकं दिसावं ही अपेक्षा चूक नाही. पण त्यासाठी नंतर सरळ करत बसण्यापेक्षा नमुनाच असा निवडावा ज्यात वाकडेपणा दोष ठरत नाही. कातरण्याऐवजी फाडलेले कागद, एकावर एक चढणाऱ्या पट्ट्या, स्पंजाचे ठिपके. एका रेषेत बसायला हवीत अशी सात फुलं कोणालाच देऊ नका. माझीही बसत नाहीत.

चकोर
अवांतर : पहिलं छापील नाताळ-कार्ड १८४३ मधलं. हेन्री कोल नावाच्या माणसाला इतक्या पत्रांची उत्तरं द्यायची होती की त्याने चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारभर प्रती छापल्या. म्हणजे हात दुखू नये म्हणून आलेली वस्तू!

निळीशाई
चकोर, हे माझ्या रुग्णांना नक्की सांगणार.

अवांतरात माझीही भर. मेरी डिलेनी या बाईंनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलांची चित्रं करायला सुरुवात केली ती वयाच्या बहात्तराव्या वर्षी. दहा वर्षांत ९८५ चित्रं केली. दृष्टी साथ देईना तेव्हा थांबल्या. ती चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. "आता या वयात काय शिकायचं" असं कोणी म्हटलं की मी त्यांचं नाव घेते.

रानवाट
सांजवेळ, तुमच्या गटातल्या न दिसणाऱ्या मुलीबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मलाही जन्मापासून दिसत नाही. हा चर्चेचा धागा स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) ऐकतोय.

लोक मला स्पर्शाचं कार्ड म्हणून सुतळीने आखलेलं फुलपाखरू हातात देतात. बोटांना ती एक वळणं घेणारी सुतळी लागते. फुलपाखराची बाह्यरेषा हा डोळ्यांचा अनुभव आहे, माझा नाही. पण मखमलीचा तुकडा, त्याच्या शेजारी खरखरीत सँडपेपर, मग गुळगुळीत फीत, असं काही असेल तर त्यात मला मजा येते. दोन पोतांमध्ये मोकळी जागा सोडा, एका कार्डावर तीनपेक्षा जास्त नकोत. तुमच्या मुलीला कापडांचा आणि कागदांचा डबा द्या आणि तिलाच निवडू द्या. ती रंग विचारेल तर रंगही सांगा. आम्हाला रंगांशी देणंघेणं नसतं हा गैरसमज आहे. घेणारा माणूस डोळस असतो ना.

मजकूर ब्रेलमध्ये हवा. पाटी आणि टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटं लिहावं लागतं, कारण उठाव कागदाच्या मागच्या बाजूला येतो. हे तिला येत असेलच, तुम्ही शिका. ३०० जीएसएमच्या कार्डावर टोचणं जड जातं. वेगळ्या, थोड्या पातळ कागदावर लिहून तो कार्डात चिकटवा, पण गोंद फक्त कडांना लावा. आणि कृपा करून ते कार्ड पुस्तकांच्या ढिगाखाली सपाट करायला ठेवू नका. माझ्या वाढदिवसाला आलेलं एक कार्ड असंच निम्मं पुसलेलं आलं होतं. "प्रिय" वाचता आलं, पुढचं नाही.

सांजवेळ
रानवाट, खरं सांगते, आम्ही तिला आजवर सुतळीचं फुलपाखरूच देत होतो. मखमल आणि सँडपेपर आजच काढून ठेवते.

काठावरचा
कमी दिसणाऱ्यांसाठी दोन ओळी, वडिलांच्या अनुभवावरून. पांढरं कार्ड पांढऱ्या टेबलावर हरवतं, खाली गडद ट्रे ठेवा. चकचकीत कागदावर उजेड परावर्तित होऊन डोळ्यांवर येतो, मॅट घ्या. दिवा समोरून नको, बाजूने हवा. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा आणि हिरवा जवळजवळ ठेवले तर वेगळे कळत नाहीत.

निळीशाई
काठावरचा, छान मुद्दे. यातच एक जोड : पक्षाघातानंतर काहींचं एका बाजूकडे लक्षच जात नाही, बहुधा डाव्या. दृष्टी ठीक असते, पण ती बाजू त्यांच्यासाठी नसल्यासारखीच. सगळी चित्रं कार्डाच्या उजव्या अर्ध्यात दाटतात. डाव्या कडेला ठळक लाल पट्टी लावा आणि "आधी लाल पट्टी शोधा" एवढंच म्हणा. चित्र मात्र आपण सरकवायचं नाही.

मुक्काम
दोन दिवस विचार करत होतो. एकहाती, आईला विचारलं. ती म्हणाली, "तू शाळेत असताना माझ्यासाठी केलेलं कार्ड मी सरळ करून ठेवलं होतं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी एक मुद्दा मी सोडत नाही. ही कार्डं विकायला ठेवणार असाल तर दर्जा पाहिजेच. "बिचाऱ्यांनी केलंय, घ्या" म्हणून खपवलेली वस्तू मला मान्य नाही.

एकहाती
मुक्काम, आईंना दंडवत. आणि विक्रीच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने. तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्यांची एक जागतिक संघटना आहे, लिश्टनस्टाइनमध्ये मुख्यालय. एरिक श्टेगमान या पोलिओ झालेल्या जर्मन चित्रकाराने ती उभी केली. सदस्य चित्रकार आपल्या चित्रांची कार्डं आणि कॅलेंडरं यांतून स्वतः कमावतात. कार्डाच्या पाठीवर करणाऱ्याचं नाव लिहा. त्याला काय झालंय ते लिहायचं की नाही, हे त्यानेच ठरवावं. मी लिहीत नाही.

पाऊलखूण
घडीमोड, खिडकी करून बघितली. पहिल्या तीन जागांना नजर खाली. चौथ्या जागेला वर. मला तो तुकडा मुळीच आवडला नव्हता, नुसता करडा आणि एका कोपऱ्यात नारिंगी थेंब. मी खिडकी पुढे सरकवली तर ती रागावली. करडा तुकडाच लावला. आजीला पाठवलाय.

चकोर
रागावली हे वाचून फार आनंद झाला.

सांजवेळ
मंडळी, कालचा शनिवार झाला. सविस्तर सांगते.

आधी आम्ही तिघींनी आपसात एक ठरवलं. कोणाच्याही कार्डाला न विचारता हात लावायचा नाही आणि विचारायचं ते "मदत करू का?" असं मोघम नाही. त्याला सगळे भिडेपोटी हो म्हणतात किंवा सरळ नको म्हणतात. "कागद धरू का?" "टोपण काढून देऊ?" असं नेमकं विचारायचं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून हात मोकळे करायचे. एकहातींसारखा काटकोनाचा कोपरा दोघांसाठी करून घेतला. न दिसणाऱ्या मुलीने डब्यातून सँडपेपर आणि कापूस असे दोनच तुकडे निवडले आणि मला म्हणाली, "आता यात तुम्ही काही घालू नका."

फूल सरकवणाऱ्या ताई आजोबांकडे गेल्या आणि आधी माफी मागितली. आजोबा म्हणाले, "कागद धर." तिने कागद धरला, कोपर टेकायला खाली घडी केलेला टॉवेल दिला. त्यांनी पुन्हा तेच फूल घेतलं आणि पुन्हा खालच्या कडेवर, अर्धं बाहेर असं लावलं. या वेळी दोनदा दाबून. ते तसंच हवं होतं त्यांना. ती विचारणार होती का म्हणून, पण मी खुणेने नको म्हटलं.

अडचण शेवटी आली. फूल बाहेर असल्यामुळे कार्ड पाकिटात जाईना. आजोबांनी आमच्याकडे बघितलं. कात्री टेबलावरच होती. ताईंनी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि मोठी शीट काढून नवं पाकीट करायला घेतलं. सही केली त्यांनी. अक्षर मोठं आलं, रेघा आखून दिल्या होत्या.

घडीमोड
वा! पाकिटाचं माप द्या ना. बाकीच्यांनाही लागेल.

सांजवेळ
कार्ड १४८ × २१०, फूल खाली साधारण ३० मिलिमीटर बाहेर. पाकीट १६० × २५५ केलं. आत फुलाच्या जागी टिश्यूची एक घडी ठेवली, म्हणजे पाकळ्या दुमडत नाहीत.

रानवाट
टिश्यूची घडी ब्रेलसाठीही चालेल. फक्त मजकुराच्या दोन्ही बाजूंना ठेवा.